जाम झालेला बोल्ट

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुना पार्ट घ्यायला गेलेला माणूस पार्ट हलवून बघतो. अल्टरनेटर असेल तर पुली फिरवतो, लोअर आर्म असेल तर बुश दाबून पाहतो, गिअरबॉक्स असेल तर तेलाचा वास घेतो. हे सगळं बरोबर आहे. फक्त तो पार्ट गाडीला ज्या बोल्टांनी धरला जाणार आहे त्यांच्याकडे आणि ते ज्या भोकांत जाणार आहेत त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मग पार्ट चार हजारांत मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी जॅकवर उभी राहते, कारण एक बोल्ट सुटत नाही किंवा सुटता सुटता तुटतो.

यात भंगारवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे गाडी खोलायला वेळ नसतो. बोल्ट निघाला तर पान्याने, नाही निघाला तर ग्राइंडरने किंवा गॅस कटरने. त्यामुळे जुन्या पार्टच्या भोकात तुटक्या बोल्टचा तुकडा अडकलेला असू शकतो, भोकाजवळचा धातू कापताना तापून निळा पडलेला असू शकतो, आणि सोबत पिशवीत दिलेले बोल्ट तीन वेगवेगळ्या गाड्यांचे असू शकतात. म्हणून पार्टचा भाव ठरवण्याआधी प्रत्येक भोकात हाताने एक बोल्ट फिरवून बघावा. बोटांच्या जोरावर तो पाच-सहा फेरे गेला तर भोक चांगलं आहे. नाही गेला, तर त्या पार्टवर अजून किती काम आहे ते तिथेच कळतं आणि भाव त्या हिशेबाने करता येतो.

बोल्ट सुटत नाही म्हटलं की हात आपोआप लांब पाइपकडे जातो. माझं सगळं म्हणणं या सवयीच्या विरुद्ध आहे. बोल्टला नक्की कशाने धरून ठेवलंय, हे आधी ओळखलं पाहिजे. जाम होण्याची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

सगळ्यात नेहमीचं कारण गंज. लोखंड गंजलं की तयार होणारा पदार्थ मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. आट्यांमध्ये एवढी मोकळी जागा नसतेच. तिथे गंज फुगतो आणि पाचरीसारखा आवळून बसतो. समुद्राकाठी हे फार लवकर होतं, कारण मीठ मिसळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने घडणारी क्रिया आहे. मालवण किंवा रत्नागिरीत दहा वर्षं फिरलेली गाडी आणि सोलापुरात तेवढीच वर्षं फिरलेली गाडी खालून पाहिली, तर त्या एकाच वयाच्या वाटत नाहीत. टोरोंटो किंवा डेट्रॉइटकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको, कारण तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठच टाकतात.

दुसरं कारण दिसायला साधं, पण जास्त चिवट. अॅल्युमिनियमच्या भोकात लोखंडी बोल्ट असेल आणि मध्ये ओल शिरली, तर दोन धातूंची एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात अॅल्युमिनियम झिजत जातं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. गिअरबॉक्सचं कव्हर, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, थर्मोस्टॅटचं घर इथे हे हमखास भेटतं. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरट पूड दिसली की समजावं, इथे नुसतं तेल सोडून भागणार नाही आणि जोर लावला तर बोल्ट तुटण्याआधी भोकातले आटेच सोलून बाहेर येतील.

तिसरं कारण सस्पेन्शनचं आहे आणि जुने पार्ट बसवणाऱ्यांना ते सगळ्यात जास्त छळतं. लोअर आर्मच्या रबरी बुशच्या पोटात लोखंडी नळी असते आणि तिच्यातून लांब बोल्ट जातो. नट आरामात सुटतो, बोल्ट मात्र हलत नाही, कारण तो आट्यांत अडकलेलाच नसतो. त्याची सगळी दांडी नळीला गंजाने चिकटलेली असते. पाना फिरवला की रबर पिळतं आणि सोडलं की बोल्ट परत जागेवर येतो. ही स्प्रिंगसारखी चाल जाणवली की पाना बाजूला ठेवावा. आर्म बदलायचाच असेल तर बुशच्या दोन्ही बाजूंनी, आर्म आणि ब्रॅकेट यांच्या फटीत पातळ करवतीचं पातं घालून बोल्ट कापणं हा सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग आहे. नवा बोल्ट काहीशे रुपयांत येतो. चेसिसच्या आत वेल्ड केलेला नट उखडून गरगर फिरायला लागला, तर मात्र पत्रा कापून आत हात घालावा लागतो.

उरलेली कारणं थोडक्यात. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डचे स्टड रोज तापून-थंड होऊन त्यांच्यावर खपली धरते. काही बोल्ट कारखान्यातूनच आट्यांना चिकटद्रव लावून आवळलेले असतात. ब्रेकच्या कॅलिपरचा ब्रॅकेट हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिथे आट्यांवर निळा, लाल किंवा हिरवा थर दिसतो. लाल रंगाचा कडक प्रकार साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्याशिवाय मऊ पडत नाही.

आता जोराबद्दल. बोल्ट आवळला जातो तेव्हा तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. आपण पान्याला लावलेल्या जोरापैकी या ताणात फक्त एक दशांशाच्या आसपास जातो. जवळपास निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि बाकीचा आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. ८ मिलीमीटरचा, डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट २५ न्यूटन-मीटरने आवळला की सुमारे दीड टनाने दाब धरतो. तो तुटायला तीन टनांच्या आसपास ओढ लागते. डोक्यावरचे आकडे उगाच नसतात. पहिला आकडा शंभराने गुणला की दर चौरस मिलीमीटरला किती न्यूटनवर तो तुटेल ते कळतं, आणि दुसरा सांगतो की त्याच्या किती दशांशावर तो कायमचा ताणला जाईल. ८.८ म्हणजे ८०० आणि ६४०. १०.९ म्हणजे १००० आणि ९००.

हा हिशेब सोडवताना उलटा लागतो. १० मिलीमीटरचा ८.८ बोल्ट साधारण ५० न्यूटन-मीटरने आवळतात. पान्याला मीटरभर पाइप लावून ३० किलोचा जोर टाकला, तर ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बसतो. गंजाने आट्यांतलं घर्षण वाढलेलं असताना हा सगळा पीळ बोल्टच्या मानेत जमा होतो. मग एक कट्‌ असा आवाज येतो आणि हात हलका होतो. बोल्ट सुटल्याचा आनंद क्षणभरच टिकतो.

तर क्रम असा ठेवावा. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ करावेत, कारण नट सुटताना त्यांच्यावरूनच जाणार आहे आणि तिथली घाण आत ओढली जाणार आहे. मग तेल सोडावं आणि वेळ द्यावा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी, आणि सकाळी पुन्हा. आपल्याकडे सरसकट डब्ल्यूडी-४० मारतात. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या रॉकेट केमिकल कंपनीने तो पदार्थ तयार केला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अॅटलस क्षेपणास्त्राचा पातळ पत्रा गंजू नये म्हणून तो वापरला गेला. ओल घालवायला तो उत्तम आहे, पण जुना गंज भेदायला खास त्यासाठी बनवलेलं पातळ तेल जास्त कामाचं. काही मिस्त्री ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. ते झिरपतं चांगलं, पण अॅसिटोन लगेच पेट घेतो आणि रंग व प्लॅस्टिक खातो. हे मिश्रण वापरायचं असेल तर त्या दिवशी तिथे आगीचं काम करू नये.

तेलानंतर हातोडा. बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके, मध्यम ठोके. त्याने आट्यांतली खपली फुटते आणि तेलाला वाट मिळते. मग पाना लावताना तो सहा कोनी गोटीचाच लावावा. बारा कोनी गोटी कोपऱ्यावर जोर टाकते आणि गंजलेलं डोकं गोल करते. उघड्या तोंडाचा फिक्स पाना तर अशा बोल्टला लावूच नये. आणि पहिला जोर सोडण्याच्या दिशेने नाही, आवळण्याच्या दिशेने लावावा, अगदी थोडासा. गंजाची पकड मोडायला कुठल्याही दिशेची हालचाल चालते, आणि आवळण्याच्या बाजूचे आटे कमी घाण झालेले असतात. एकदा केसभर हलला की पाव फेरा सोडायचा, पुन्हा आत घ्यायचा, तेल सोडायचं, पुन्हा थोडा जास्त सोडायचा. या मागेपुढे करण्याला वीस मिनिटं लागली तरी ती वाया जात नाहीत. घाईने एका दमात बाहेर काढलेला बोल्ट मधेच गंजाचा चुरा गोळा करून पुन्हा अडकतो आणि मग खरोखर तुटतो.

एवढ्याने नाही भागलं तर उष्णता. उष्णतेचं तत्त्व बरेच जण चुकीचं समजतात. तापवायचं ते बोल्टला नाही, त्याच्या बाहेरच्या नटाला किंवा भोकाभोवतीच्या धातूला. १० मिलीमीटरचं पोलादी भोक ३०० अंशांनी तापलं की सुमारे ०.०३६ मिलीमीटरने मोठं होतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाचा थर तडकवायला तो पुरतो. अॅल्युमिनियम याच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून अॅल्युमिनियमच्या घरात अडकलेला लोखंडी बोल्ट उष्णतेला चांगली दाद देतो. फक्त अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, एकदम ढासळतं. तिथे ज्योतीऐवजी हॉट एअर गन बरी. तापलेल्या आट्यांवर मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आत खेचलं जातं आणि निसटायला मदत करतं. हा जुना फिटरी उपाय खरोखर चालतो.

ज्योत कुठे नेऊ नये, हे ज्योत कशी वापरावी यापेक्षा महत्त्वाचं आहे. पेट्रोलची टाकी आणि नळ्या, सीएनजीची लाइन, ब्रेकच्या रबरी नळ्या, गॅस भरलेला शॉक अॅब्सॉर्बर आणि एअरबॅगच्या आसपास आग नेऊ नये. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग तापवला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि तो थोडाही छातीत गेला तर जिवावर बेतू शकतं. धुतलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय ज्योत पेटवू नये. आणि ज्या बोल्टला लाल होईपर्यंत तापवलं तो पुन्हा वापरायचा नाही. ८.८ आणि १०.९ या प्रतीची ताकद कारखान्यात मोजून दिलेल्या उष्णतेतून आलेली असते, ती गॅरेजमधल्या ज्योतीत निघून जाते.

इतकं करूनही काही बोल्ट तुटतातच. तुटलेल्या बोल्टचं थोडं टोक बाहेर असेल, तर माझ्या मते पहिली पसंती वेल्डिंगला द्यावी. टोकावर एक नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्ड करून दोन्ही एक करायचे, लाली उतरू द्यायची आणि मग पाना लावायचा. यात दोन कामं एकदम होतात. पाना धरायला नवं डोकं मिळतं आणि वेल्डच्या उष्णतेने आतला गंज तडकतो. लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भोकात खोल तुटला असेल तरी जाणता वेल्डर टोकावर थेंब थेंब धातू चढवत वर येतो, कारण वेल्डचं पोलाद अॅल्युमिनियमला चिकटत नाही. गाडीवर वेल्ड करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायर काढाव्यात.

वेल्डर नसेल तर ड्रिल. तुटलेला पृष्ठभाग आधी कानशीने सपाट करावा, बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा आणि बारीक ड्रिलने सुरुवात करावी. मध्य चुकला की सगळंच चुकतं, कारण पोलाद कठीण आणि भोवतीचं अॅल्युमिनियम मऊ. ड्रिल मऊ बाजूला पळतं. डाव्या दिशेने कापणारी ड्रिलं मिळतात, ती जरूर घ्यावीत. अनेकदा भोक पाडतानाच तुकडा गुरगुरत बाहेर येतो. त्यानंतर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरण्याचा मोह होतो. त्याच्याबद्दल माझं मत कडक आहे. जो बोल्ट जाड डोकं असताना सुटला नाही, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या ठिसूळ सळईने सुटेल अशी आशा धरणं धोक्याचं आहे. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही. मग पार्ट उतरवून भोसरी, सातपूर किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या टूलरूममध्ये ठिणगीने धातू झिजवणाऱ्या मशीनवर न्यावा लागतो. एक्स्ट्रॅक्टर तिथेच वापरावा, जिथे बोल्ट गंजून नव्हे, जास्त आवळून तुटलाय आणि आत मोकळा आहे.

भोकातले आटे गेले असतील, तर ते परत आणता येतात आणि मूळ आट्यांपेक्षा मजबूत करता येतात. भोक थोडं मोठं करून, खास टॅप मारून त्यात स्टेनलेस तारेचं वेटोळं बसवतात. त्याला गॅरेजमध्ये हेलीकॉइल म्हणतात. ८ मिलीमीटरच्या बोल्टसाठी ८.३ मिलीमीटरचं ड्रिल लागतं. अॅल्युमिनियममध्ये बसवलेलं हे वेटोळं मूळच्या आट्यांपेक्षा जास्त ताण घेतं, कारण ताण मोठ्या व्यासावर पसरतो. स्पार्क प्लगच्या भोकासाठी मात्र तारेपेक्षा भरीव बुश बरा, कारण तिथे प्लग पुन्हा पुन्हा निघतो. टॅप मारताना त्याच्या खाचांत ग्रीस भरावं, म्हणजे चुरा सिलिंडरमध्ये पडत नाही. आटे नुसते मळलेले असतील तर टॅपने नवे कापू नयेत, जुने साफ करावेत. धार असलेला टॅप चांगला धातूही कापून नेतो आणि भोक सैल पडतं.

या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान मात्र न जुळणाऱ्या आट्यांनी होतं, आणि ते जुन्या पार्टमध्येच होतं. जाडी सारखी म्हणजे बोल्ट सारखा, हा समज चुकीचा आहे. १० मिलीमीटरचा बोल्ट जपानी गाड्यांत बहुधा १.२५ मिलीमीटर अंतराच्या आट्यांचा असतो, युरोपीय गाड्यांत बहुधा १.५ चा. मारुतीच्या चाकांचे नट १२ मिलीमीटरचे, १.२५ आट्यांचे. ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाचे जाडीला तेवढेच, पण १.५ चे. टोयोटा ग्लान्झा मात्र मुळात मारुतीची बलेनो, त्यामुळे बॉनेटवरचा बिल्ला बघून नट घेतला की फसगत ठरलेली. चुकीचा नट दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि वाऱ्याच्या गनने तो जबरदस्तीने आवळला की स्टड कायमचा बाद होतो. महिंद्राच्या जुन्या जीपचं मूळ अमेरिकन विलीजचं, तिथे सगळे आटे इंचाचे. दहा मिलीमीटर लांबीत आठ आटे भरले तर १.२५ समजावं. त्याहून सोपं म्हणजे माहितीचा बोल्ट आणि अनोळखी बोल्ट शेजारी धरून आटे एकमेकांत बसवावेत आणि उजेडाकडे धरावेत. मध्ये फट दिसली नाही तर ते जुळतात. ही एका मिनिटाची तपासणी जो फिटर करतो, त्याच्यावर मी माझी गाडी निर्धास्त सोपवीन.

पार्ट परत बांधताना प्रत्येक बोल्ट आधी हाताने बसवावा, एकही पूर्ण आवळण्याआधी सगळे दोन-तीन फेरे गेलेले असावेत. सायलेन्सरच्या स्टडना तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावावं, म्हणजे पुढच्या वेळी खोलणाऱ्याला हा त्रास होणार नाही. पण तेलकट आट्यांवर कोरड्या आट्यांचा आकडा वापरला तर तोच टॉर्क पाव ते एक तृतीयांश जास्त ताण देतो. कंपनीने तेलासह आकडा दिला नसेल तर अँटी-सीझच्या जागी टॉर्क त्या प्रमाणात कमी करावा, आणि चाकांच्या नटांना काहीच लावू नये. सस्पेन्शनच्या बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून, तिच्या वजनावर आवळावेत. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

काही बोल्ट कितीही चांगले दिसले तरी जुने वापरू नयेत. आधी टॉर्क आणि मग कोन मोजून आवळायचे हेडबोल्ट एकदाच ताणले जातात. चिकटद्रव लावलेले कॅलिपरचे बोल्ट, स्टिअरिंग रॉडचे नायलॉन नट, लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचे नट यांचंही तसंच. जुना पार्ट घेऊन पैसे वाचवणं शहाणपणाचं आहे. या बोल्टांत पैसे वाचवणं शहाणपणाचं नाही.

जुनी सीट किंवा जुना सीट बेल्ट बसवत असाल तर एक गोष्ट जपा. जगभरातल्या बहुतेक गाड्यांत, सगळी गाडी मिलीमीटरची असली तरी, सीट बेल्टचा बोल्ट अजून इंचाचा असतो. ७/१६ इंच जाड, दर इंचाला वीस आटे. सुरक्षेच्या नियमांनी हे माप धरून ठेवलंय. या भोकात १० मिलीमीटरचा बोल्ट आत जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण त्याचे आटे जेमतेम टेकलेले असतात आणि धक्का बसताच तो निसटतो. योग्य बोल्ट हाती येईपर्यंत त्या सीटवर कोणालाही बसवू नका.